विश्लेषण: नाव एका दिवसात बदलते, मग जुना वेबपत्ता का सोडता येत नाही?

जुलै २०२३ मध्ये इलॉन मस्क यांनी ट्विटरचे नाव बदलून 'एक्स' केले. निळा पक्षी गेला, सॅन फ्रान्सिस्कोतील मुख्यालयावरची जुनी अक्षरे उतरवायला सुरुवात झाली आणि मोबाइलच्या पडद्यावर काळ्या चौकोनात पांढरे 'एक्स' दिसू लागले. मात्र जुन्या सवयीने कोणी 'ट्विटर डॉट कॉम' टाइप केले, तर काहीच अडले नाही. नाव बदलल्यानंतरही जवळपास दहा महिने कंपनीचा कारभार त्याच पत्त्यावरून सुरू होता. पाटी बदलण्याइतके पत्ता बदलणे सोपे नसते, हे जगातल्या एका बड्या कंपनीलाही टाळता आले नाही. २०२५ मध्ये भारतातील बँकांनाही असेच स्थलांतर करावे लागले. नाव बदलणाऱ्या लहान दुकानापासून नागरी सहकारी बँकेपर्यंत सर्वांना हा प्रश्न कधी ना कधी भेटतो: जुन्या पत्त्याचे काय करायचे?

ट्विटरने पत्ता कसा बदलला?

एक्स डॉट कॉम हा पत्ता मस्क यांना नवा नव्हता. १९९९ मध्ये त्यांनी याच नावाची ऑनलाइन बँकिंग कंपनी काढली होती. पुढच्याच वर्षी ती 'कॉन्फिनिटी' या कंपनीत मिसळली आणि त्यातून 'पेपाल' उभी राहिली. पत्ता पेपालकडे राहिला. तो मस्क यांनी २०१७ मध्ये परत विकत घेतला. त्यामुळे २०२३ मध्ये नव्या नावासाठी पत्ता शोधण्याची वेळ आली नाही.

नाव जाहीर झाले तेव्हा एक्स डॉट कॉम टाइप करणारा माणूस ट्विटर डॉट कॉमवर जाऊन पोहोचत होता. म्हणजे नव्या पाटीखालून आत शिरायचे आणि जुन्याच घरात निघायचे. यावर तेव्हा बरीच थट्टा झाली, पण हा क्रम तितका वेडगळ नव्हता. नवा पत्ता आधी चालू करायचा, आतल्या सेवा एकेक करून हलवायच्या आणि सगळे स्थिरावले की दिशा उलटी करायची, ही सावध पद्धत आहे. १७ मे २०२४ रोजी सर्व मुख्य यंत्रणा एक्स डॉट कॉमवर आल्याचे मस्क यांनी जाहीर केले. त्यानंतर जुना पत्ता नव्याकडे पाठवू लागला.

मधल्या काळात एक घोळ मात्र झालाच. एप्रिल २०२४ मध्ये आयफोनवरील ॲपने लोकांच्या पोस्टमध्ये जिथे 'ट्विटर डॉट कॉम' लिहिलेले असेल, तिथे आपोआप 'एक्स डॉट कॉम' दाखवायला सुरुवात केली. हा बदल फक्त दिसण्यापुरता होता. खालची लिंक जुन्या पत्त्यावरच जात होती. शिवाय 'ट्विटर डॉट कॉम' ही अक्षरे दुसऱ्या एखाद्या पत्त्याच्या शेपटीला असली, तरी ॲप ती बदलत होते. इंग्रजीत 'नेटफ्लिक्स'चे शेवटचे अक्षर 'एक्स' आहे. ते काढून त्या जागी 'ट्विटर' लिहिले, तर 'नेटफ्लिट्विटर डॉट कॉम' असा विचित्र पत्ता तयार होतो. ॲपमध्ये तो चक्क 'नेटफ्लिक्स डॉट कॉम' असा दिसत होता. असा पत्ता कोणीही नोंदवू शकत होते आणि तिथे नेटफ्लिक्ससारखे दिसणारे बनावट पान लावू शकत होते. सुदैवाने हा विशिष्ट पत्ता एका सावध वापरकर्त्याने, गैरवापर होऊ नये म्हणून, स्वतःच नोंदवून ठेवला. कंपनीने चूक लगेच दुरुस्त केली. पण पत्ता म्हणजे केवळ अक्षरे, ती शोधून बदलली की काम झाले, या समजुतीचा हा नमुना होता.

रीडायरेक्ट म्हणजे नेमके काय?

मुंबईत टॅक्सीत बसून 'व्हीटी' म्हटले, तर चालक मुकाट्याने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर आणून सोडतो. व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव १९९६ मध्ये बदलले, २०१७ मध्ये त्यात 'महाराज' हा शब्द जोडला गेला. जुने नाव घेणाऱ्यालाही योग्य ठिकाणी पोहोचवण्याचे काम गेली कित्येक वर्षे टॅक्सीचालकांची आठवण करते आहे. इंटरनेटला अशी आठवण नसते. तिथे जुन्या पत्त्यावर कोणीतरी बसवून ठेवावा लागतो, जो येणाऱ्या प्रत्येकाला 'दुकान तिकडे गेले' असे सांगेल. या व्यवस्थेला रीडायरेक्ट म्हणतात.

प्रत्यक्षात ते असे घडते. फोनवर पत्ता टाइप केला की फोन आधी 'डीएनएस' या इंटरनेटच्या डिरेक्टरीत त्या नावापुढचा क्रमांक शोधतो. त्या क्रमांकाच्या सर्व्हरशी जोडणी होते. हा सर्व्हर पान पाठवण्याऐवजी तीन आकडी संकेतांक आणि नवा पत्ता पाठवतो. ब्राउजर तो वाचून स्वतःच नव्या ठिकाणी जातो. हे इतक्या झटपट होते की वरच्या पट्टीतला पत्ता बदललेला दिसला तरच ते लक्षात येते.

संकेतांक दोन प्रकारचे असतात. ३०१ म्हणजे 'कायमचे हललो', ३०२ म्हणजे 'तात्पुरते हललो'. माणसाच्या दृष्टीने दोन्हींचा परिणाम सारखाच. गुगलसारख्या शोधयंत्राच्या दृष्टीने मात्र फरक पडतो. ३०१ दिसला की जुन्या पत्त्याने वर्षानुवर्षे कमावलेले वजन ते नव्या पत्त्याच्या खात्यात जमा करू लागते. ३०२ दिसला तर मालक परत येणार आहे असे समजून शोधनिकालात बराच काळ जुनाच पत्ता दाखवू शकते. याउलट, चुकून दिलेला ३०१ मागे घेणेही कटकटीचे ठरते. अनेक ब्राउजर तो लक्षात ठेवतात आणि पुढच्या वेळी जुन्या सर्व्हरला न विचारता थेट नव्या जागी जातात. म्हणून जाणकार आधी काही दिवस ३०२ लावून सगळे नीट पोहोचते का ते पाहतात आणि मग ३०१ करतात.

यात सगळ्यात जास्त केली जाणारी चूक वेगळीच आहे. जुन्या संकेतस्थळावरची सगळी पाने नव्या संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावर पाठवून द्यायची. काम पाच मिनिटांत होते. पण 'उन्हाळी पापडाची किंमत' शोधत आलेला माणूस मुखपृष्ठावर आदळतो, इकडेतिकडे बघतो आणि निघून जातो. गुगलही असे पान 'सापडले नाही' याच सदरात टाकू शकते. प्रत्येक जुन्या पानासाठी त्याच मजकुराचे नवे पान नेमून देणे हे कंटाळवाणे काम आहे आणि स्थलांतराचा बराचसा वेळ त्यातच जातो.

आणखी एक गोष्ट सहज सुटते. पत्त्यापुढचे कुलपाचे चिन्ह ज्या सुरक्षा प्रमाणपत्रामुळे येते, ते जुन्या पत्त्यासाठीही चालू ठेवावे लागते. ते संपले तर ब्राउजर 'ही जोडणी सुरक्षित नाही' असा मोठा इशारा देतो आणि माणूस तिथेच थांबतो. रीडायरेक्टची पाळीच येत नाही. थोडक्यात, जुना पत्ता नव्याकडे वळवायचा तर जुन्याची नोंदणी, डिरेक्टरीतली नोंद, सर्व्हर आणि प्रमाणपत्र या चारही गोष्टी जिवंत लागतात.

ई-मेलचे काय होते?

रीडायरेक्ट फक्त वेबपानांसाठी असतो. त्याच पत्त्यावर येणाऱ्या ई-मेलची वाट पूर्ण वेगळी असते आणि नाव बदलण्याच्या धामधुमीत ती अनेकदा विसरली जाते.

समजा, कोल्हापुरातील एका कांदा-लसूण मसाल्याच्या उत्पादकाने नव्या पिढीला शोभेल असे नवे नाव घेतले. संकेतस्थळ नवे झाले, डबे नवे छापले गेले. दोन वर्षांनी जुन्या डोमेनच्या नूतनीकरणाची सूचना आली, तेव्हा 'आता ते कोण वापरते' म्हणून हजार-दीड हजार रुपये वाचवले गेले. पण जीएसटीच्या नोंदणीत, बँकेत, कुरिअर कंपनीकडे, ऑनलाइन बाजारपेठेच्या विक्रेता खात्यात आणि चार जुन्या वितरकांच्या फोनमध्ये ई-मेल पत्ता जुनाच आहे. डोमेन सुटल्यावर ते दुसऱ्या कोणी विकत घेतले, तर त्या पत्त्यावर येणारे प्रत्येक पत्र आता त्या अनोळखी माणसाच्या पेटीत पडेल. विक्रेता खात्याच्या पानावर जाऊन 'पासवर्ड विसरलात का?' वर टिचकी मारायची, की बदलाची लिंक त्याच्याकडेच येणार. त्याला काही फोडावे लागत नाही. जुन्या मालकाने किल्ली दारातच ठेवलेली असते.

ही केवळ कल्पना नाही. ऑस्ट्रेलियातील एका सुरक्षा संशोधकाने २०१८ मध्ये नेमके हेच करून दाखवले. तिथल्या काही वकिली फर्म एकमेकींत विलीन झाल्या होत्या, काहींची नावे बदलली होती आणि त्यांची जुनी डोमेन वाऱ्यावर सोडलेली होती. संशोधकाने ती रीतसर पैसे भरून नोंदवली आणि त्यावर येणारी सर्व पत्रे एका पेटीत वळवली. पुढच्या तीन महिन्यांत अशिलांची गोपनीय कागदपत्रे, बिले, बँकांची पत्रे अशा हजारो ई-मेल येत राहिल्या. माजी कर्मचाऱ्यांनी कामाच्या पत्त्यावरून उघडलेल्या वेगवेगळ्या सेवांच्या खात्यांचे पासवर्डही बदलता आले असते. वकिलांच्या बाबतीत हे किती गंभीर आहे, ते सांगायला नको.

जानेवारी २०२५ मध्ये 'ट्रफल सिक्युरिटी' या संस्थेच्या संशोधकांनी याचाच पुढचा अध्याय मांडला. बंद पडलेल्या स्टार्टअपचे डोमेन विकत घेतले आणि त्यावर जुन्या कर्मचाऱ्यांच्या नावाचे ई-मेल पत्ते पुन्हा तयार केले, तर 'गुगलने साइन इन करा' या बटणाने चॅट, मनुष्यबळ व्यवस्थापन अशा सेवांतील त्या कंपनीच्या जुन्या खात्यांत शिरता येते, असे त्यांनी दाखवले. पगाराचे, कराचे, मुलाखतींचे तपशील अशा खात्यांत पडून असतात.

२० डॉलरमध्ये काय मिळाले?

सोडून दिलेल्या पत्त्याची सर्वांत बोलकी गोष्ट २०२४ ची आहे, आणि ती एखाद्या नवख्या दुकानदाराची नसून पत्ते सांभाळणे हाच ज्यांचा धंदा आहे त्यांची आहे. 'डॉट मोबी' हे मोबाइल संकेतस्थळांसाठी काढलेले डोमेन. कोणता 'डॉट मोबी' पत्ता कोणाच्या नावावर आहे, हे सांगणारा अधिकृत सर्व्हर आधी एका पत्त्यावर होता. पुढे तो नव्या पत्त्यावर नेण्यात आला. डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या पत्त्याची मुदत संपली आणि कोणी नूतनीकरण केले नाही.

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस 'वॉचटॉवर' या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी तो २० डॉलरला घेतला आणि तिथे आपला सर्व्हर उभा केला. कोणी विचारायला येते का, एवढेच त्यांना पाहायचे होते. पाच-सहा दिवसांत १ लाख ३५ हजारांहून अधिक यंत्रणांकडून २५ लाख विचारणा आल्या. त्यांत विविध देशांच्या सरकारी आणि लष्करी विभागांचे मेल सर्व्हर होते, सायबर सुरक्षा कंपन्या होत्या. आणखी धक्कादायक म्हणजे, संकेतस्थळांना सुरक्षा प्रमाणपत्रे देणाऱ्या काही संस्थाही मालकाची खातरजमा करण्यासाठी या जुन्याच सर्व्हरला विचारत होत्या. संशोधकांनी मनात आणले असते, तर दुसऱ्याच्या 'डॉट मोबी' पत्त्याचे खरेखुरे प्रमाणपत्र आपल्या नावे काढण्यापर्यंत मजल गेली असती. ते तिथेच थांबले आणि त्यांनी प्रकार जाहीर केला.

सर्व्हर हलवणाऱ्यांनी नवा पत्ता जाहीर केलेला होता. पण जगभरातल्या असंख्य प्रोग्रॅमच्या पोटात जुना पत्ता लिहून ठेवलेला होता आणि ते प्रोग्रॅम बातम्या वाचत नाहीत.

बँकांचा नवा पत्ता आणि ग्राहकांची अडचण

भारतात या विषयाला २०२५ मध्ये अचानक सार्वजनिक महत्त्व आले. डिजिटल फसवणुकीला आळा घालण्यासाठी बँकांकरिता 'डॉट बँक डॉट इन' हे राखीव डोमेन आणण्याची घोषणा रिझर्व्ह बँकेने ७ फेब्रुवारी २०२५ रोजीच्या पतधोरणावेळी केली. एप्रिलमध्ये परिपत्रक निघाले आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत स्थलांतर पूर्ण करण्यास सांगण्यात आले. व्यापारी बँकांबरोबरच नागरी सहकारी, राज्य सहकारी आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांनाही हे लागू होते. नोंदणीचे काम हैदराबादच्या 'आयडीआरबीटी' या संस्थेकडेच ठेवण्यात आले. स्टेट बँकेचे संकेतस्थळ त्यानुसार 'एसबीआय डॉट बँक डॉट इन'वर आले, इतरांनीही तसेच पत्ते घेतले.

यामागचा तर्क सरळ आहे. 'डॉट कॉम'मध्ये बँकेच्या नावाशी मिळतेजुळते काहीही, कोणीही, कुठूनही नोंदवू शकतो. 'डॉट बँक डॉट इन' फक्त बँकेलाच मिळते. दीर्घकाळात ग्राहकाचे काम यामुळे सोपे होईल.

स्थलांतराच्या काळात मात्र उलटे घडते. वर्षानुवर्षे ग्राहकाला शिकवले गेले आहे की, ओळखीच्या पत्त्यापेक्षा वेगळे काही दिसले तर थांबा. आता ओळखीचा पत्ता टाइप केल्यावर तो आपोआप वेगळ्याच पत्त्यावर जातो, आणि हे खरे आहे असे बँक सांगते. फोनमध्ये जतन केलेला पासवर्डही नव्या पत्त्यावर आपोआप भरला जात नाही, कारण पासवर्ड सांभाळणारे ॲप तो पत्त्याशी जोडून ठेवते. एरवी हीच गोष्ट बनावट पानापासून वाचवते. या काळात मात्र ग्राहक 'पत्ता बदलला असेल' म्हणत हाताने पासवर्ड भरायला शिकतो, आणि भामट्यांना असाच ग्राहक हवा असतो. 'आमच्या बँकेचे संकेतस्थळ बदलले आहे, येथे खाते जोडा' असा एसएमएस पाठवण्यासाठी याहून सोयीचा काळ कोणता?

म्हणून पत्ता कसा वाचायचा हे एकदा समजून घेतलेले बरे. वरच्या पट्टीवर टिचकी मारून पूर्ण पत्ता उघडावा. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघांनंतर पुढे जी पहिली एकटी तिरपी रेघ येते, तिच्या लगेच डावीकडचे शब्द निर्णायक असतात. तिथे 'बँक डॉट इन' हवे आणि त्याच्या आधी बँकेचे नाव. 'बँक डॉट इन'च्या पुढे आणखी एखादा 'डॉट कॉम' किंवा 'डॉट ऑनलाइन' चिकटवलेला असेल, तर तो पत्ता त्या शेवटच्या शब्दांच्या मालकाचा आहे, बँकेचा नाही. टिंबाच्या जागी आडवी रेघ टाकून 'बँक-इन' असे लिहिले असेल, तरीही तो वेगळाच पत्ता. फोनच्या अरुंद पट्टीत लांब पत्त्याचा काही भाग कापला जातो, त्यामुळे नुसती नजर टाकून भागत नाही.

यातली खरी कसोटी पुढच्या काही वर्षांत लागणार आहे. मोठ्या बँका जुनी डोमेन सहज सांभाळतील. नागरी सहकारी बँकांची संख्या महाराष्ट्रात देशात सर्वाधिक आहे आणि त्यांतल्या अनेकांचा संगणक विभाग दोन-चार माणसांचा किंवा बाहेरच्या पुरवठादाराच्या भरवशावर चालणारा असतो. एखाद्या संचालक मंडळाने खर्चाच्या यादीतून 'जुने संकेतस्थळ' ही ओळ खोडली, तर तो पत्ता बाजारात येईल. पासबुकच्या मागे, मुदत ठेवीच्या पावतीवर आणि शाखेबाहेरच्या फलकावर तोच छापलेला असेल. ते डोमेन घेणाऱ्याला ग्राहक शोधत फिरावे लागणार नाही.

डोमेनची मुदत संपते म्हणजे काय होते?

'डॉट कॉम' डोमेन मुदत संपल्याच्या रात्री लगेच हातचे जात नाही. नोंदणी करणारी कंपनी साधारण ४५ दिवसांपर्यंत नेहमीच्या दराने नूतनीकरण करू देऊ शकते, मात्र प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा असतो. डोमेन वगळल्यावर ३० दिवस जादा शुल्क भरून ते सोडवता येते. नंतर पाच दिवस ते अडकलेले राहते आणि मग सर्वांसाठी खुले होते. जुन्या, बऱ्यापैकी वर्दळ असलेल्या नावांवर काही कंपन्या टपूनच बसलेल्या असतात. खुले झाल्याच्या काही क्षणांत त्यांचे संगणक ते उचलतात.

इतकी सवलत असूनही डोमेन का सुटतात? कारण बहुतेक वेळा विसराळूपणा नसतोच. नूतनीकरणाच्या सूचना ज्या ई-मेलवर येतात, तो पत्ता संकेतस्थळ बनवून देणाऱ्या मुलाचा असतो आणि तो मुलगा आता पुण्यात नोकरीला लागलेला असतो. डोमेनही अनेकदा त्याच्याच नावावर असते. किंवा सूचना त्याच जुन्या डोमेनवरच्या पेटीत येतात, जी नाव बदलल्यापासून कोणी उघडलेलीच नाही. नोंदणीचे खाते मालकाच्या किंवा संस्थेच्या नावावर आहे ना, त्याचा ई-मेल त्याच डोमेनवर अवलंबून नाही ना आणि आपोआप नूतनीकरणासाठी दिलेले कार्ड मुदतबाह्य झाले नाही ना, हे नव्या बोधचिन्हाचा रंग ठरवण्याआधी तपासलेले बरे.

नवे नाव ठरवण्याआधीही डोमेन पाहावे लागते, हे 'जिओहॉटस्टार' प्रकरणात दिसले. दोन मोठ्या कंपन्या एकत्र येणार असा अंदाज बांधून दिल्लीच्या एका ॲप विकसकाने 'जिओहॉटस्टार डॉट कॉम' २०२३ मध्येच नोंदवून ठेवले होते आणि त्या बदल्यात केंब्रिजमधील शिक्षणाचा खर्च मागितला होता. पुढे ते डोमेन दुबईत राहणाऱ्या दोन भावंडांकडे गेले आणि त्यांनी ते रिलायन्सला विनामूल्य देऊ केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये सेवा त्याच नावाने सुरू झाली, पण प्रेक्षकांना आधीपासून ठाऊक असलेला 'हॉटस्टार डॉट कॉम' हा पत्ता तसाच वापरात ठेवला गेला. जुना पत्ता चालत असेल तर तो न हलवणे हाही एक पर्याय असतो.

जुना पत्ता किती वर्षे सांभाळायचा?

गुगलचा सल्ला असा की, रीडायरेक्ट शक्य तितका काळ, साधारणपणे किमान एक वर्ष ठेवावेत. हे 'एक वर्ष' अनेक जण अर्धवट लक्षात ठेवतात आणि तेराव्या महिन्यात जुने डोमेन सोडून देतात. हा सल्ला शोधनिकालांपुरता आहे. ई-मेल, छापील क्यूआर कोड, दुसऱ्यांच्या संकेतस्थळांवरच्या लिंक यांना वर्षाची मुदत कळत नाही. मसाल्याच्या डब्यावरचा क्यूआर कोड एखाद्या स्वयंपाकघरात तीन वर्षे राहू शकतो.

खुद्द गुगललाही याचा अनुभव आला. लांब पत्ते आखूड करून देणाऱ्या आपल्या 'गू डॉट जीएल' सेवेच्या सर्व लिंक २५ ऑगस्ट २०२५ पासून बंद होतील, असे कंपनीने आधी जाहीर केले होते. या लिंक म्हणजे एका अर्थी रीडायरेक्टच. सेवेने नव्या लिंक बनवणे २०१९ मध्येच थांबवले होते, तरी कागदपत्रांत, पुस्तकांत, शोधनिबंधांत त्या विखुरलेल्या होत्या. लोकांनी नाराजी व्यक्त केल्यावर ऑगस्टमध्ये कंपनीने माघार घेतली आणि वापरात असलेल्या लिंक चालू ठेवायचे ठरवले.

ट्विटर डॉट कॉमचेही तसेच आहे. बातम्यांत, न्यायालयीन कागदपत्रांत, विकिपीडियाच्या तळटीपांत १७-१८ वर्षांच्या ट्विटचे पत्ते त्याच नावाने नोंदलेले आहेत. तरीही कंपनीला ते डोमेन कधीतरी निवृत्त करायचे आहे, हे ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्ट झाले. खात्याला दुहेरी कुलूप म्हणून सुरक्षा-किल्ली वापरणाऱ्यांनी ती १० नोव्हेंबरपर्यंत पुन्हा नोंदवावी, अन्यथा खाते उघडणार नाही, अशी सूचना तेव्हा देण्यात आली. ही किल्ली म्हणजे पेन ड्राइव्हसारखे छोटे उपकरण किंवा फोनमधील 'पासकी'. नोंदवताना ज्या पत्त्यावर होती, त्याच पत्त्याला ती ओळखते. बनावट पान कितीही हुबेहूब असले तरी किल्ली तिथे चालत नाही, कारण पत्ता वेगळा असतो. त्याच कारणाने ट्विटर डॉट कॉमसाठी नोंदवलेली किल्ली एक्स डॉट कॉमला ओळखत नव्हती आणि इथे कोणताही रीडायरेक्ट कामाला येणार नव्हता. नाव बदलून सव्वादोन वर्षे उलटल्यावर या वापरकर्त्यांना एकेक करून स्वतःची किल्ली हाताने पुन्हा नोंदवावी लागली.